घरचोळं की चंद्रकळा

पोटाचा फोटो काढून घ्यायचा असतो आणि त्यासाठी मुद्दाम माणूस बोलवायचा असतो, ही गोष्ट स्नेहलताबाई जगदाळ्यांना साठी ओलांडल्यावर समजली. त्यांच्या वेळी दिवस गेलेल्या बाईने पदर असा घ्यायचा, की शेजारणीला बातमी थेट बारशाच्या बोलावण्यातून कळावी. आणि इथे त्यांची सून उत्कर्षा सातव्या महिन्यात सोसायटीच्या बागेत उतरत्या उन्हात उभी राहून फोटो काढून घेणार होती, आणि त्यातला एक मोठा होऊन हॉलमध्ये सोफ्याच्या वर लागणार होता. स्नेहलताबाई आधी म्हणाल्या, नजर लागते. मग म्हणाल्या, हौस असते एकेकाला. तेवढ्यावर त्या थांबल्याही असत्या. गुजराती शहरात, समा भागातल्या फ्लॅटमध्ये मुलगा-सुनेबरोबर राहायचं तर कुठे थांबावं हे सासूला कळावं लागतं, आणि आपल्याला ते कळतं असा त्यांचा समज होता.

पण जेवताना उत्कर्षा म्हणाली, "आई, फोटोग्राफर दोनच ड्रेस घेतो. एक गाऊन, भाड्याने आणायचा. आणि दुसरं, मम्मीकडे घरचोळं छे ने, ते नेसेन."

स्नेहलताबाईंचा घास हातातच राहिला. घरचोळं म्हणजे गुजराती नवरी लग्नात नेसते ती लाल-हिरव्या चौकटींची, जरीची बांधणी. आणि मम्मी म्हणजे जुन्या शहरातल्या वाडी भागात राहणाऱ्या विमलबेन पारेख, त्यांच्या विहीणबाई.

विमलबेनबद्दल स्नेहलताबाईंची तक्रार अशी काही नव्हती, आणि हीच त्यांची सगळ्यात मोठी तक्रार होती. बाई गोड बोलायची, मुलाकडच्यांचा मान ठेवायची, आणि दर आठवड्याला काही ना काही डब्यात घालून पाठवायची. ते इतकं चांगलं असायचं, की गजेंद्रराव, म्हणजे स्नेहलताबाईंचे यजमान, रिफायनरीतून निवृत्त झाल्यापासून कशातच रस न घेणारे, डबा आला की पेपर बाजूला ठेवायचे. रोज संध्याकाळी उत्कर्षा ऑफिसातून आली की आईशी फोनवर बोलायची, आणि बोलता बोलता पोटावरून हात फिरवायची. बाळंतपणाला ती वाडीला जाणार होती. पहिलं बाळंतपण माहेरी हे दोन्हीकडे मान्य असल्यामुळे त्यावर धड भांडताही येत नव्हतं.

आता भिंतीवरचा फोटोही विमलबेनच्या लुगड्यातला. घर जगदाळ्यांचं, भिंत जगदाळ्यांची, पोटातलं मूल जगदाळ्यांचं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने वर बघून म्हणायचं, वाह, पारेखांची लेक शोभते हं. स्नेहलताबाईंच्या पोटात दुखायला लागलं. भाजीत तिखट जास्त झालंय असं सांगून त्या उठल्या.

तेल ओतायला शेजारच्या निरुपमाताई होत्याच. निरुपमाताई सगळं वाचतात, आणि वाचलेलं स्वतःजवळ ठेवत नाहीत.

"सातव्या महिन्यात बाळाला बाहेरचं ऐकू यायला लागतं, माहितीय ना?" त्या चहा घेता घेता म्हणाल्या. "जे ऐकेल ते त्याच्या डोक्यात बसतं. घरात कुठली भाषा चालते?"

स्नेहलताबाईंनी मनातल्या मनात हिशोब केला. कुशल, त्यांचा मुलगा, बायकोशी गुजरातीत बोलतो. उत्कर्षाला मराठी कळतं, पण बोलताना ती दोन पावलं मराठीत टाकून तिसरं गुजरातीत टाकते. गजेंद्रराव बोलतच नाहीत. आणि रोज संध्याकाळी तासभर विमलबेन फोनवरून, थेट पोटाच्या वर.

"म्हणजे ते जन्माला येईल तेच केम छो म्हणत?" त्यांनी विचारलं.

"असं नाही," निरुपमाताई म्हणाल्या, "पण तुम्ही बोलत जा ना त्याच्याशी. मराठीत."

हा सल्ला चांगला होता, पण तो पाळायचा कसा? दुसऱ्या बाईच्या पोटाशी बोलायचं? ती बाई वर बसून ऐकत असताना?  स्नेहलताबाईंनी आपल्या नवऱ्याशीसुद्धा लग्नानंतर वर्षभर कामापुरतंच बोलणं केलं होतं. वाक्य मात्र त्यांनी मनात तयार करून ठेवलं: बाळा, मी तुझी आजी. यात काही चूक नव्हती, ते फक्त तोंडाबाहेर पडत नव्हतं. तेव्हा जिभेला जमत नाही ते कपड्याने करावं असं त्यांनी ठरवलं. भिंतीवर पोट दिसणारच असेल तर ते मराठी पोट दिसलं पाहिजे.

"नऊवारी," त्या म्हणाल्या. "आणि तीही चंद्रकळा."

निरुपमाताईंनी टाळीच दिली. काळी कुळकुळीत चंद्रकळा, लाल काठ, हिरवा चुडा, मोठी नथ. गर्भारपणाचं तेज काळ्यावर जसं खुलतं तसं कशावर खुलत नाही, हे कुठल्याही मराठी घरात सांगावं लागत नाही. कुशलला त्यांनी विचारून पाहिलं. तो म्हणाला, "आई, मला यात आणू नको. मला हलका निळा शर्ट घालायला सांगितलाय, मी घालणार आहे." आपल्या पोटी असा मुत्सद्दी कसा जन्मला, याचं स्नेहलताबाईंना वाईट वाटलं.

त्यांनी ठरवलं, आधी कोणाला सांगायचंच नाही. लुगडं ऐनवेळी समोर ठेवायचं. सुनेचा स्वभाव भिडस्त होता, समोर आलेल्याला ती नाही म्हणत नसे. आजवर या भिडेचा फायदा फक्त विमलबेन घेत आल्या होत्या.

आता उत्कर्षाला काही नऊवारी नेसवून तासभर उभं करणं शक्य नव्हतं, म्हणून शिवलेली नऊवारी हवी होती. रावपुऱ्यात एक शिंपी शाळांच्या गॅदरिंगसाठी तशा नऊवाऱ्या शिवायचा. स्नेहलताबाई चंद्रकळेचं कापड घेऊन त्याच्याकडे गेल्या. शिंपी म्हणाला, ज्यांना घालायची त्यांना आणा. स्नेहलताबाई म्हणाल्या, त्यांना कळता कामा नये. शिंपी म्हणाला, मग घेर किती ठेवू? पोट पुढे किती आलंय, कासोटा कुठून वळवू? हा प्रश्न येणार हे ओळखून स्नेहलताबाईंनी पिशवीत सोफ्यावरची गोल उशी आणली होती. दुकानाच्या मागच्या बाजूला पडदा होता, पण तिथे त्याने चनियाचोळ्यांचे गठ्ठे रचले होते. म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड करून साडीच्या आत उशी बांधली, वरून पदर नीट केला, आणि मोजमापासाठी वळल्या.

समोर विमलबेन उभ्या होत्या. हातात एक ब्लाउज होतं, उसवून सैल करायला आणलेलं. वाडीतून रावपुरा म्हणजे चालत येण्याचं अंतर, आणि बायकांचे शिंपी काही कोणा एकीच्या मालकीचे नसतात.

"केम छो वेवाण?" विमलबेन विहिणीला म्हणाल्या. तोंडात शब्द तेवढेच होते, पण डोळे उशीवर.

माणसाच्या आयुष्यात काही क्षण असे येतात, की खरं सांगितलं तर बेत फसतो आणि खोटं सांगितलं तर अब्रू जाते. स्नेहलताबाईंनी बेत वाचवला.

"कमर पकडाई गई छे," त्या गुजरातीत म्हणाल्या. बाजारात, बँकेत आणि विहिणीशी त्या गुजरातीतच बोलत. "डॉक्टर म्हणाले, उशी बांधा."

"पेट पर?"

"उलट्या बाजूने दाब द्यायचा असतो."

शिंप्याने तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या.  विमलबेनचा चेहरा इतका काळजीने भरून आला, की स्नेहलताबाईंना तो जास्त लागला. हसल्या असत्या तर निदान रागावता आलं असतं.

याचं फळ संध्याकाळी घरी आलं. उत्कर्षा ऑफिसातून तडक गरम पाण्याची पिशवी घेऊनच आली. "आई, तुम्ही मला सांगितलं केम नाही? मम्मीने सांगितलं तेव्हा मला कळलं." स्नेहलताबाईंना पलंगावर आडवं करण्यात आलं. कुशलने हाडांच्या डॉक्टरची वेळ घेतली. तिथे ठणठणीत कंबरेचे फोटो काढून झाले. डॉक्टरांना काहीच सापडलं नाही, म्हणून त्यांनी पूर्ण विश्रांती सांगितली. गरोदर सुनेने घरातलं बघायचं आणि सासूने पडून राहायचं हे बरं दिसेना. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी विमलबेन दोन पिशव्या घेऊन मदतीला हजर झाल्या. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं म्हणतात, पण इथे घोडं स्वतःच्या पायाने आलं आणि थेट स्वयंपाकघरात शिरलं.

पुढचे दिवस स्नेहलताबाईंनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. पलंगावरून त्यांना स्वतःच्या स्वयंपाकघरातले आवाज ऐकू यायचे, आणि प्रत्येक आवाज चुकीच्या डब्याचा असायचा. हिंग तिकडे गेलं, पोळपाट इकडे आला. आमटीत गूळ पडला. गजेंद्ररावांनी दुसऱ्यांदा वाटी पुढे केली. लग्नाला इतकी वर्षं झाली, स्नेहलताबाईंनी केलेल्या आमटीला त्यांनी कधी बरी म्हटलं नव्हतं, वाईटही म्हटलं नव्हतं. आता म्हणाले, "आज काय वेगळं घातलंय?" आणि हे ऐकायला बायको आडवी पडलेली, अंगाचा तिळपापड झाला तरी उठायची सोय नाही. मत्सर करायचा तर निदान उभं राहून करता यावा, झोपून तो फार पोळतो.

त्यातही वाईट म्हणजे संध्याकाळ. आता फोनची गरजच उरली नव्हती. मायलेकी हॉलमध्ये शेजारी शेजारी बसायच्या. विमलबेन लेकीच्या सुजलेल्या पायांना तेल लावायच्या, आणि खळखळून गुजराती बोलणं चालायचं. आतून स्नेहलताबाई ऐकत राहायच्या आणि मनात म्हणायच्या, आणखी एक तास गेला. एकदा त्या न राहवून भिंतीला धरून बाहेर आल्याही, म्हटलं आज आपलं वाक्य बोलूनच टाकू. पण दोघी एकदम उठल्या, एकीने खुर्ची दिली, दुसरीने पाठीला तक्क्या दिला. एवढ्या सेवेपुढे वाक्य परत गेलं.

तिकडे बागेचाही घोळ सुरू झाला होता. सोसायटीचे सेक्रेटरी जशुभाई म्हणाले, बागेत शूटिंग करायचं तर अर्ज द्या. अर्ज दिला. मग म्हणाले, हे शूटिंग खासगी की धंद्याचं? कुशल म्हणाला, माझ्या बायकोचं आहे. जशुभाई म्हणाले, पण कॅमेरावाला तर धंदाच करतो ना, म्हणजे कमिटीची बैठक लावावी लागेल. बैठक भरली. एकाने विचारलं की आज पोटाचे फोटो काढू दिले, उद्या कोणी लग्नाआधीचे काढायला येईल, त्याचं काय? एकाने बागेतल्या बाकाच्या रंगाचा जुना विषय काढला. शेवटी परवानगी मिळाली, ती एका अटीवर: प्रत्येक फोटोत सोसायटीची नवी पाटी दिसली पाहिजे. पाटी मोठी होती, पिवळी होती, आणि तिच्यावर सगळ्या कमिटी सभासदांची नावं होती.

ठरलेल्या दिवशी फोटोग्राफर नील दुपारी उशिरा आला. तरुण, शांत, सगळ्यांना आंटी-अंकल म्हणणारा. त्याने ऊन पाहिलं, पाटी पाहिली, आणि मान हलवली. आधी गाऊनचे फोटो होते. तो वाइनच्या रंगाचा, मागे लांबच लांब शेपूट असलेला गाऊन होता. ते शेपूट हवेत उडवायला एक माणूस लागतो, म्हणून ते काम गजेंद्ररावांकडे आलं. नील म्हणायचा, "अंकल, फेको," आणि गजेंद्रराव फेकायचे. तिसऱ्या फेकीला शेपूट बागेला पाणी देणाऱ्या नळीखाली गेलं. चिखल गुडघ्यापर्यंत चढला. उत्कर्षा हसत सुटली, कुशलचा निळा शर्टही भिजला, आणि नील म्हणाला की दुसरा ड्रेस लवकर करा, ऊन चाललंय.

हीच वेळ होती. शिवून झालेली चंद्रकळा निरुपमाताईंनी शिंप्याकडून गुपचूप आणून दिली होती. स्नेहलताबाई, ज्या सकाळपर्यंत भिंत धरून चालत होत्या, त्या ताडताड जिना उतरून चंद्रकळा घेऊन बागेत आल्या. कंबर बरी झाल्याचं कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण त्याच वेळी विमलबेनही कापडी पिशवी घेऊन पलीकडून येत होत्या.

"उत्कर्षा, हे घाल," स्नेहलताबाईंनी चंद्रकळा पसरली. "तुझ्यासाठी शिवून घेतलीय. आमच्यात हेच असतं."

विमलबेनचा हात छातीवर गेला. "काळुं? वेवाण, सातमे महिने काळुं न पहेराय."

"अमारामां शुभ गणाय."

"अमारामां अपशुकन गणाय," विमलबेन हळूच म्हणाल्या. त्यांच्या आवाजात भांडण नव्हतं, भीती होती. ती भीतीच स्नेहलताबाईंना सहन झाली नाही. आपण सुनेला शुभ ते देतोय आणि ही बाई आपल्याकडे असं बघते, जणू आपण पोराला विष पाजायला निघालोय. इतक्या दिवसांची आमटी, तेल, फोन आणि डबे एकदम वर आले.

"विमलबेन, मी आज स्पष्टच बोलते," त्या म्हणाल्या, आणि यावेळी मराठीतच म्हणाल्या. "लेक तुमची, मान्य आहे. बाळंतपण तुमच्याकडे, तेही मान्य. फोन तुमचा, डबे तुमचे, माझं स्वयंपाकघरही तुमचंच झालं. पण ही भिंत माझी आहे. तुमचं घरचोळं माझ्या हॉलमध्ये लागणार नाही. मला जळजळ होते म्हणा, होतेच. माझंही नातवंड आहे ते."

 जशुभाई पाटी पुसत होते, ते थांबले. विमलबेनना सगळं कळलं होतं. त्यांनी पिशवीतून घरचोळं काढलं, त्याची घडी स्नेहलताबाईंच्या हातावर ठेवली.

"पण वेवाण," त्या म्हणाल्या, "आ तो तमारुं ज आपेलुं छे."

"माझं?"

"घरचोळुं तो सासरेथी ज आवे ने. सासु वहुने आपे. मा थोडी आपे."

स्नेहलताबाईंनी गजेंद्ररावांकडे पाहिलं. गजेंद्रराव गाऊनचं शेपूट पिळत होते. "मीच आणलं होतं," ते म्हणाले. "लग्नात त्यांच्याकडून निरोप आला होता, घरचोळं मुलाकडून लागतं म्हणून. तू म्हणालीस, ते लोक मागतात ते देऊन टाका, मला शालूचं बघायचंय. मी दिलं. विधी झाला, पिशवी त्यांच्या गाडीत गेली, ती तिकडेच राहिली."

उत्कर्षा चिखलाच्या गाऊनमध्ये बाकावर बसली होती. ती म्हणाली, "आई, सीमंतात, म्हणजे तुमच्या डोहाळजेवणात, सासूचंच घरचोळं नेसतात. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. मला तुमचंच नेसायचं होतं ने."

म्हणजे इतके दिवस स्नेहलताबाई स्वतःच्याच लुगड्यावर जळत होत्या. त्याला हरवण्यासाठी त्यांनी पोटावर उशी बांधली, ठणठणीत कंबरेचे फोटो काढवले, आणि विहिणीच्या हातची गोड आमटी गिळली. त्यांना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही असं नाही, पण तो अंगाखाली काहीतरी टोचत असल्यासारखा झाला. आपल्या मानाची वस्तू आपल्याला माहीत नाही, आणि विहिणीने ती नॅप्थलीनच्या गोळ्या घालून जपून ठेवली होती. याचाही त्यांना हेवाच वाटला.

मग मात्र त्या एकदम घरचोळ्याच्या बाजूच्या झाल्या. "हेच नेस," त्या म्हणाल्या. "माझं आहे ते." पण आता विमलबेन हट्टाला पेटल्या. सासूने एवढ्या हौसेने शिवून आणलंय, तुमच्यात शुभ असतं तर काळंच घाल बेटा, मी तिकडे तोंड करून उभी राहते. एक म्हणे लाल, दुसरी म्हणे काळं. दोघी एकमेकींच्या वस्तूसाठी भांडायला लागल्या, आणि ऊन पाटीवरून खाली उतरायला लागलं. निरुपमाताई बाल्कनीतून ओरडून विचारत होत्या, काय ठरलं. शेवटी उत्कर्षा उठली आणि चंद्रकळा अंगाला लावून पाहिली. ती नडगीपर्यंतच आली. उशीमुळे घेर बरोबर बसला होता, पण उंची सासूची होती, आणि सून सासूपेक्षा चांगली वीतभर उंच होती. प्रश्न सुटला. उत्कर्षा घरचोळं नेसून आली.

नीलने चंद्रकळेकडे पाहिलं, मग पाटीकडे. "आंटी, ये ब्लॅक मस्त बॅकग्राउंड है," तो म्हणाला, आणि जशुभाईंनी काही म्हणायच्या आत त्याने ती पाटीवर पसरून टाकली. सगळ्या कमिटी सभासदांची नावं काळ्या चंद्रकळेखाली गेली. जशुभाईंनी अटीची आठवण करून दिली. नील म्हणाला, पाटी फोटोत आहेच, फक्त आत आहे. काळ्यापुढे लाल घरचोळं जे पेटलं, ते बघून विमलबेनसुद्धा जवळ आल्या. काळं अंगावर नव्हतं, मागे होतं, तेवढं त्यांच्या शुभाला चालत होतं.

"अब दोनों आंटी आओ," नील म्हणाला. "दोनों तरफ से. हात पेट पे रखो. बेबीसे कुछ बोलो, नॅचरल लगेगा."

स्नेहलताबाईंनी उजव्या बाजूने हात ठेवला. घरचोळ्याची जर तळव्याला खरखरीत लागत होती, आणि तिच्या मागे काहीतरी गरम आणि घट्ट होतं. संधी आली होती. कॅमेरा होता, निमित्त होतं, कोणी हसणार नव्हतं. बाळा, मी तुझी आजी. त्यांनी श्वास घेतला. आणि नेमकी तेव्हाच आतून तळव्यावर लाथ बसली, अशी जोरात की हातच उडाला.

"ओ बाप रे," स्नेहलताबाईंच्या तोंडून निघालं, "जुओ तो खरा, केटलुं जोर छे आनामां."

केवढा हा जोर, या अर्थाचे शब्द बाहेर पडले आणि मग त्यांना कळलं की ते कुठल्या भाषेत पडले. इतकी वर्षं बाजारात, बँकेत आणि विहिणीशी वापरलेली जीभ ऐनवेळी आपल्या सवयीने चालली होती.

पलीकडून विमलबेन वाकल्या. वाडीत मराठी शेजाऱ्यांमध्ये वाढलेल्या बाईला चार मराठी वाक्यं येणं यात नवल काहीच नव्हतं. माझं मराठी ऐकून वेवाण हसतील, या लाजेने त्यांनी ती आजवर काढली नव्हती, एवढंच. आज सगळी लाज बाजूला ठेवून, सासरकडच्यांचा मान राखायला, त्या पोटाशी म्हणाल्या, "हळू रे राजा. आजीला लागेल."

नीलने बटण दाबलं.

तो फोटो आता हॉलमध्ये आहे. येणारा प्रत्येक जण वर बघतो आणि स्नेहलताबाईंच्या चेहऱ्याकडे बोट दाखवतो. डोळे किती भरून आलेत, म्हणतात, काय माया आहे बघा. स्नेहलताबाई मान हलवतात. ती माया नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. आपल्या नातवंडाला उद्देशून पहिलं मराठी वाक्य विमलबेन पारेख बोलल्या, आणि आपण मात्र नातवंडाचं स्वागत गुजरातीत केलं, हे ज्या क्षणी कळलं त्या क्षणाचा तो चेहरा आहे. असा निखळ जळफळाट फोटोत पकडणाऱ्याला त्यांनी मनातल्या मनात मानलं होतं.

पण फोटो लागला त्याच संध्याकाळी, उत्कर्षाचा आईशी फोन ऐन रंगात आला असताना, स्नेहलताबाईंनी खुर्ची ओढली आणि सोफ्यासमोर येऊन बसल्या.

"विमलबेनना सांग, नंतर बोल. आता माझी पाळी आहे," त्या म्हणाल्या.

उत्कर्षाने फोन ठेवला आणि काही न विचारता ओढणी बाजूला केली. स्नेहलताबाईंचे कान लाल झाले होते. गजेंद्ररावांनी पेपर वर धरला, इतक्या घाईने की तो उलटा होता.

"हे बघ," स्नेहलताबाई पोटाला म्हणाल्या, "त्या दिवशी तुझ्याशी मराठीत बोलली ना, ती नानी. चांगली आहे. पण आजी मी. गुजरातीत ओरडली ती."

उत्कर्षाला हसू आवरेना, आणि ती हसायला लागली तसं पोट हलायला लागलं. ते तिच्या हसण्याने हललं की आतून कोणी हलवलं, हे सांगायला काही मार्ग नव्हता. स्नेहलताबाईंनी ते उत्तर आपल्याला आलं असं धरलं, खुर्ची आणखी पुढे ओढली, आणि पुढचं बोलायला लागल्या.